फ्रोझन व्हेजिटेबल पाय जेवणाऐवजी खाल्ला तर पोषण मिळतं का?

पाय (pie) म्हणजे पिठाच्या पारीत भाज्यांचं सारण भरून भाजलेला पदार्थ. पोट नक्की भरेल, पण नावातल्या ‘व्हेजिटेबल’वर फार जाऊ नका. खरी गोम भाज्यांत नाही, वरच्या पारीत आहे. ती मैदा आणि भरपूर फॅटची असते. १ ग्रॅम फॅटमधून ९ कॅलरी मिळतात, कर्बोदकांतून ४. म्हणजे बऱ्याचशा कॅलरी पारीतूनच येतात, त्यात सॅच्युरेटेड फॅटही (लोणी-तुपात असतं तसं, हृदयासाठी बेतानंच खावं असं) आलं.

गोठवल्याने भाज्यांचं सत्त्व जातं, हा मात्र गैरसमज. आधी गरम पाण्यातून काढताना क जीवनसत्त्व थोडं घटतं, तंतू तसेच राहतात.

पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते; मैदा, तेल, बटाटा आधी आणि गाजर-वाटाणा शेवटी असेल तर काय ते समजा! मग सोडियम. तो आकडा अडीचने गुणला की मीठ कळतं : ६०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दीड ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. आकडे १०० ग्रॅमचे आहेत की अख्ख्या पायचे, तेही बघा. तिथेच लोक फसतात.

प्रथिनं बहुधा कमीच असतात. सोबत उकडलेलं अंडं किंवा कडधान्य घेतलंत तर अधूनमधून चालेल.