मसुद्यातून 'आक्रमक' गळतो तेव्हा

प्रश्न : वाटाघाटी सुरू झाल्या की हल्लेखोराला 'आक्रमक' म्हणणं बंद होतं. युक्रेनबाबत अमेरिकेनं २०२५ मध्ये तेच केलं. हे पाठीशी घालणंच नव्हे का?

शब्द गाळला एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. वाटाघाटीच्या कागदावर समोरच्याची सही लागते आणि 'मी आक्रमक' असं कबूल करणारी सही हरलेल्याकडूनच मिळते. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहातल्या कलम २३१ मध्ये जर्मनीचं आक्रमण थेट नोंदलेलं आहे. पण १९१९ साली ती सही पुन्हा युद्धाची धमकी देऊन घेतली होती.

म्हणून मुरलेले मुत्सद्दी शब्द सोडतात आणि तारीख धरून ठेवतात. ताश्कंद करारात (१० जानेवारी १९६६) कुणालाच दोष दिलेला नाही. मात्र दोन्ही देशांनी ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या जागी परतायचं, असं त्यात आहे. भारतीय सैन्यानं आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली ६ सप्टेंबरला. काश्मिरात घुसखोरी सुरू झाली ऑगस्टच्या सुरुवातीला. कुरापत कुणी काढली, हे तारखेनंच सांगून टाकलं! शिवाय तिथे 'सैन्य' नाही, 'सशस्त्र व्यक्ती' आहे. गणवेश नसलेला बंदूकधारीही त्यात बसवता येतो.

आता २४ फेब्रुवारी २०२५ पाहा. युक्रेन व युरोपीय देशांचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत ९३ विरुद्ध १८ मतांनी मंजूर झाला, ६५ देश तटस्थ राहिले. अमेरिकेनं विरोधात मत दिलं. तिचा स्वतःचा त्रोटक मसुदा 'रशिया-युक्रेन संघर्ष' एवढंच म्हणत होता. महासभेत युरोपीय देशांनी त्यात दुरुस्त्या घुसवल्या, तेव्हा अमेरिका स्वतःच्याच ठरावावर तटस्थ राहिली. मूळ मजकूर त्याच दिवशी सुरक्षा परिषदेत १० मतांनी संमत झाला (ठराव २७७४). त्यात 'आक्रमण' नाही, हे एक वेळ समजू शकतं. पण माघार, रेषा, तारीख, प्रादेशिक अखंडता यांपैकीही काही नाही. शब्द सोडला आणि बदल्यात काहीच घेतलं नाही. आमचा आक्षेप आहे तो यावर.

प्रश्न : 'निषेध' आणि 'खेद' यांत खरंच फरक असतो?

असतो, आणि मराठी बातम्यांत तोच हरवतो. इंग्रजीत 'कंडेम' म्हणजे निषेध. 'डिप्लोर' म्हणजे खेद, त्याहून एक पायरी खाली. तसंच 'इन्व्हेजन' म्हणजे चढाई, घडलेली घटना. 'अ‍ॅग्रेशन' हा कायद्याचा शब्द, त्याची व्याख्या महासभेच्या १९७४ च्या ठराव ३३१४ मध्ये आहे. आपण दोन्हींना 'आक्रमण' म्हणून मोकळे होतो.

मसुदा घासताना क्रियापद आणि नाम यांची अदलाबदल चालते. सुरक्षा परिषदेच्या कुवेतवरच्या ठराव ६६० मध्ये (१९९०) क्रियापद कडक आहे, नाम मवाळ : इराकच्या चढाईचा निषेध. मार्च २०२२ च्या महासभेच्या ठरावात उलटं : रशियाच्या आक्रमणाबद्दल 'तीव्रतम शब्दांत' डिप्लोर. त्याला १४१ मतं पडली. ६६० मध्येही तारीख आहेच : १ ऑगस्ट १९९० च्या जागी बिनशर्त माघार.

प्रश्न : मसुदा वाचताना आधी काय पाहावं?

प्रस्तावना नंतर वाचा. आधी कलमांत माघारीचं वाक्य शोधा : कुणाची, कुठून, कधीपर्यंत. मग भाषा तपासा. इस्रायलनं व्यापलेल्या प्रदेशातून माघारीबाबतच्या सुरक्षा परिषदेच्या १९६७ च्या ठराव २४२ मध्ये इंग्रजीत 'टेरिटरीज'आधी 'द' नाही, फ्रेंचमध्ये उपपद आहे. माघार सगळ्या प्रदेशातून की काही भागातून, हा वाद आजही मिटलेला नाही. मराठीत उपपदच नसल्यामुळे अशा ठिकाणी भाषांतरावर विसंबू नका, मूळ मजकूर उघडा.