शेड तीच, मशीनं फिरवा

प्रश्न : मच्छे औद्योगिक वसाहतीत माझी ४० बाय ६० फुटांची शेड आहे. ३ लेथ, सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारा लेथ), व्हीएमसी (संगणकावर चालणारे उभे मिलिंग मशीन), रेडियल ड्रिल, मिलिंग, हॅक्सॉ (बार कापायची करवत), कामगार ६. पूर्वी एकाच गिऱ्हाइकाचे हजार-हजार नग असायचे. आता ५०-१०० नग, तेही निरनिराळे : पंपाचे शाफ्ट, बिडाचे फ्लँज (पाइप जोडायच्या भोकं पाडलेल्या चकत्या). माल वेळेवर जात नाही. शेजारची शेड भाड्याने घेऊ का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : इतक्यात नको. बेळगावच्याच उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझी ३४ वर्षं गेली. माझ्या शेडमध्ये ड्रिल एका कोपऱ्यात होतं. का? तर बांधकामावेळी मेन स्विच तिथं बसवला होता, म्हणून. एकदा खडू घेऊन एका फ्लँजच्या मागं फिरलो. लेथ, ड्रिल, परत लेथ, मग टॅपिंग (भोकांत आटे पाडणं), मग तपासणी : २१२ पावलं. प्रत्यक्ष काम ९ मिनिटांचं आणि नग शेडमध्ये ४ दिवस पडून!

तुम्हीही आधी असं फिरा. मग जॉबांची जातकुळी लावा. बारचे, म्हणजे शाफ्टसारखे, जॉब एकीकडं : हॅक्सॉ, लेथ, सीएनसी, मिलिंग. फ्लँजचे दुसरीकडं : लेथ, ड्रिल, टॅपिंग, तपासणीचं टेबल, घोड्याच्या नालेसारखे मांडलेले, म्हणजे मधे उभा राहून एकच माणूस सगळं बघतो. व्हीएमसी दोघांनाही लागतं, जड आहे. ते हलवू नका, बाकीची त्याच्या अंगानं लावा. रेडियल ड्रिलही जमिनीला बोल्टनं पक्कंच हवं. ड्रिल धरणारा आडवा आर्म बाहेर फिरवला की तोल जाऊन मशीन उलटू शकतं. तेव्हा लेथ ड्रिलकडं न्या.

माझी चूक सांगतो. नवीन मांडणीच्या उत्साहात मी लेथचे बोल्ट काँक्रीटमध्ये गाडले. ८ महिन्यांत ती ऑर्डरच गेली. काँक्रीट फोडताना शेजारची शेड भांडायला आली. लेथखाली रबरी माउंट घाला, हलवल्यावर लेव्हल मात्र परत काढा. वीज आणि हवेची लाइन वरून न्या, जागोजागी सॉकेट आणि क्विक कपलिंग ठेवा.

आणि ५० नगांच्या लॉटला पावलांपेक्षा सेटिंगच, म्हणजे मशीन नव्या जॉबसाठी तयार करणंच, जास्त वेळ खातं. टोयोटात १९६९ मध्ये शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरनं १००० टनी प्रेसचा डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायला लागणारे ४ तास ३ मिनिटांवर आणले होते. त्यातली निम्मी युक्ती फुकटची आहे : मशीन चालू असतानाच पुढच्या जॉबचे जॉ (नग पकडणारे जबडे), टूल, जिग (भोकं नेमक्या जागी पाडायचा साचा) गाडीवर मांडून ठेवायचे.

मशीन उचलण्याआधी पुठ्ठ्यावर करून बघा. १ फुटाला १ सेंटिमीटर धरा, म्हणजे तुमची शेड ४० बाय ६० सेंटिमीटरची होते. मशीनं कापा आणि सरकवा. हे टेबलावर कामगारांसमोर करा. आम्ही तासभर पुठ्ठे हलवत होतो, तेव्हा हॅक्सॉवाला मागून म्हणाला, "मालक, बारचा टेम्पो मागच्या दाराला लावा की!" त्या दाराला १५ वर्षं भंगार टेकवून ठेवलेलं होतं.