अहवाल आधी, सन्मान मागाहून

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

रोमन काळाचा अभ्यास करणाऱ्या पुरातत्त्वज्ञाला समाजाची दाद नेमकी कशाबद्दल मिळते, असे तू विचारले आहेस. मला अशा वेळी ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ बॅरी कनलिफ आठवतात. १९६० मध्ये दक्षिण इंग्लंडमधील फिशबोर्न येथे पाण्याच्या नळासाठी चर खणताना जुने बांधकाम लागले आणि पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या उत्खननाची धुरा, वयाची पंचविशीही न गाठलेल्या कनलिफ यांनी सांभाळली. तेथे पहिल्या शतकातील विस्तीर्ण रोमन प्रासाद उजेडात आला. डॉल्फिनवर स्वार झालेल्या क्युपिडचे, म्हणजे रोमन प्रेमदेवतेचे, तेथील कुट्टिमचित्र (रंगीत तुकडे जडवून केलेले फरशीवरील चित्र) सर्वांना ठाऊक असते. मला मात्र प्रासादाच्या बागेचे अधिक अप्रूप वाटते. तेथील मूळची जमीन निकस असल्यामुळे झाडांच्या रांगांसाठी चर खणून त्यांत चांगली माती भरलेली होती, आणि केवळ मातीच्या या फरकावरून त्यांनी एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या बागेची आखणी ओळखली.

तरीही माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण पुढच्या कामात आहे. १९६९ मध्ये उत्खनन संपले आणि १९७१ मध्ये त्याचा दोन खंडांतील अहवाल प्रसिद्धही झाला. ‘सर’ हा किताब त्यांना २००६ मध्ये मिळाला; अर्थात तोपर्यंत बाथ येथील रोमन स्नानगृहे आणि डेनबरीचा लोहयुगीन गडही त्यांच्या नावावर जमा झाले होते. फिशबोर्नची जागा विकत घेऊन ती जपण्याची सोय करणारे आयव्हन मार्गरी आणि तेथे राबलेले असंख्य स्वयंसेवक यांची नावे सहसा कोणी घेत नाही. तू ती घेत जा.

आपल्याकडेही कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर, जेथे पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची रोमन काळातील कांस्यमूर्ती सापडली तेथे, पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९५२ मध्ये छापून आणला. सांकलियांना पद्मभूषण मिळाले ते १९७४ मध्ये. मूर्ती संग्रहालयात पाहता येते, पण ती ज्या वस्तीत सापडली ती वस्ती समजून घ्यायची, तर आजही तो अहवालच उघडावा लागतो.

मागच्या हंगामातील खापरांची नोंदवही अपुरी राहिल्याचे तू लिहिले आहेस. पुरस्कारांची चौकशी तूर्त बाजूला ठेव, थरांच्या रेखाचित्रांसह ती वही पूर्ण कर आणि पुढच्या महिन्यात माझ्याकडे पाठव. मी ती ओळ न् ओळ वाचीन.

तुझा शुभचिंतक