बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) 12 तासांची शिफ्ट आहे, ओव्हरटाइम दुप्पट मिळतो का?

हो, आठवड्याचे 48 तास भरले की पुढचा प्रत्येक तास दुप्पट दरानेच धरायला हवा. बडोद्यातच एका कारखान्यात हजेरी-पगाराचं काम बघतो, म्हणून सांगतो: 1948 चा कारखाने कायदा घ्या की नवी श्रमसंहिता, हा नियम तोच आहे. गुजरातने 2025 मध्ये दिवसाला 12 तासांची मुभा दिली खरी (तीही कामगाराच्या लेखी संमतीने), पण 48 ची मर्यादा हलली नाही. म्हणजे असे चार दिवस झाले की पाचव्या दिवसापासून ओव्हरटाइम. ‘बारा तास हीच आपली ड्युटी’ हे पालुपद कुणी ऐकवलं तरी! पगाराची स्लिप नीट बघा; दर काढताना बेसिकमध्ये महागाई भत्ताही धरतात, बोनस नाही. मात्र तुम्ही मॅनेजर किंवा देखरेखीच्या हुद्द्यावर असाल तर हे लागू होईलच असं नाही.