सौर छत: किलोवॅट किती, अनुदान कुणाच्या खिशातून?

प्रश्न: आमचा वीजवापर महिन्याला सरासरी २२० युनिट आहे. विक्रेता म्हणतो, ‘पीएम सूर्यघर’ योजनेत ३ किलोवॅटच बसवा, ७८,००० रुपये अनुदान मिळेल. बसवावं का? आणि हा पैसा शेवटी करदात्यांचाच ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर: तुम्हाला २ किलोवॅट पुरे. एका किलोवॅटमागे दिवसाला साधारण ४ युनिट धरले, तरी महिन्याला २४० होतात. अनुदान पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला फक्त १८,०००. शिवाय नेट मीटरवर (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) साठलेले जादा युनिट पुढच्या बिलात वळते होत असले, तरी मार्चअखेर उरलेल्यांचे पैसे कमी दराने मिळतात. तुमचा तिसरा किलोवॅट त्यातच जाईल.

समजा, २ किलोवॅटला १,३०,००० रुपये खर्च आला. अनुदान वजा जाता ७०,००० तुमचे. युनिटमागे सरासरी ८ रुपये वाचले, तर वर्षाला सुमारे २१,००० म्हणजे साडेतीन वर्षांत वसुली. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) बदलण्याचा खर्चही आत्ताच धरून ठेवा. वापर १०० युनिटांच्या आत असेल, तर पहिल्या टप्प्याचा दरच कमी असल्याने वसुली बरीच लांबते.

अर्जाआधी वीजबिलावरचं नाव तपासा. ते वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल, तर आधी बदलून घ्या. पॅनेल भारतीय बनावटीच्या सेलचेच हवेत, नाहीतर अनुदान नाही. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली, तरी त्याच ओळीतल्या बाकीच्यांचं उत्पादन घसरू शकतं. आणि बॅटरी नसलेली यंत्रणा वीज गेली की बंद पडते. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ती तशीच बनवतात. विक्रेते हे सहसा सांगत नाहीत.

आता करदात्यांचं. एक कोटी घरांसाठी योजनेची तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची आहे. तुमचे २ किलोवॅट २५ वर्षांत, पॅनेलच्या उत्पादनातली घट धरूनही, ६५,००० युनिटांच्या आसपास वीज देतील. ६०,००० रुपयांचं अनुदान म्हणजे युनिटमागे रुपयापेक्षाही कमी. कोळशाची तेवढी वीज टळते, हे पाहता हा सौदा आम्हाला रास्त वाटतो.

खरी खोट दुसरीकडे आहे. तुम्ही दुपारी दिलेलं युनिट संध्याकाळी परत घेता, पण वितरण कंपनीला संध्याकाळची वीज महाग पडते. तारा, रोहित्रं, देखभाल यांचा खर्चही घटत नाही. तो हळूहळू इतरांच्या दरात चढतो, आणि त्यात भाड्याच्या खोलीत राहणारे, स्वतःचं छत नसलेले लोक असतात. त्यांच्यासाठी सामायिक सौर प्रकल्पांतला वाटा खुला व्हायला हवा, आणि अनुदानाच्या पहिल्या रांगेत त्यांना जागा हवी.