हिंसा-नशा-दागिने मोजायची शीट मंजूर करून घेण्याआधी थोडं थांबा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. एम.ए.चा लघुप्रबंध, विषय अमेरिकन टीव्हीवरचं हिप हॉप आणि कृष्णवर्णीय संस्कृती, आणि गाईडचं म्हणणं असं की काही मालिका नि म्युझिक व्हिडिओ निवडा, त्यात हिंसा, नशा, अश्लीलता मोजा, तक्ता काढा, विषय संपला. आमच्या वेळी हुबेहूब हेच झालं होतं, म्हणून एरवी नुसता वाचत बसणारा मी आज लिहायला बसलो. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात १९७३ मध्ये डीजे कूल हर्कच्या पार्टीतून हिप हॉप सुरू झालं वगैरे सगळं तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देतो. आणि हो, मी प्राध्यापक नाही. पदवी घेतली आणि जाहिरातीच्या धंद्यात शिरलो. तेव्हा पुढचं सगळं एका माणसाचं मत समजा. गाईडशी भांडण झालं तर माझं नाव पुढे करू नका.

आमच्या विभागाची एक संशोधन समिती होती. नाव घेत नाही, घेऊन फायदाही नाही. त्यांची एक ठरलेली कोडिंग शीट होती, म्हणजे पडद्यावर काय किती दिसलं ते रकान्यांत नोंदवायचा तक्ता, कोणे एके काळी कुणीतरी हिंदी सिनेमातल्या मारामारीवर काम केलं होतं त्यासाठी बनवलेली. रकाने असे: हिंसा, अमली पदार्थ, अंगप्रदर्शन, शिवीगाळ, भडक राहणी. शेवटच्या रकान्यात साखळ्या, गाड्या, नोटा. हीच वापरा, म्हणजे 'वस्तुनिष्ठ' होईल. मी सुचवलेले रकाने लाल पेनाने खोडून आले. पुन्हा अर्ज केला तर ऑफिसात उत्तर मिळालं की शीटवर शिक्का बसलाय, आता बदल हवा तर सिनॉप्सिसच (प्रबंधाचा आराखडा) नव्याने द्या, आणि समिती बसणार पुढच्या सत्रात. फेलोशिपची मुदत मात्र पुढच्या सत्रापर्यंत थांबणार नव्हती. शेवटी त्याच शीटवर काम रेटावं लागलं. माझं सगळ्यात जास्त नुकसान तिथे झालं. इंग्रजी, इंटरनेट, जुने भाग न मिळणं, या कटकटी त्यापुढे किरकोळ.

शीटमध्ये काय वाईट आहे ते दोन उदाहरणांवरून सांगतो, तुम्हाला गाईडसमोर उपयोगी पडतील.

पहिलं, 'फ्रेश प्रिन्स ऑफ बेल-एअर'. बेल-एअरमधल्या श्रीमंत कृष्णवर्णीय घरातली विनोदी मालिका, एनबीसी वाहिनी, १९९०. पहिल्याच सीझनमध्ये एक भाग आहे. विल (रॅपर विल स्मिथ) आणि त्याचा मावसभाऊ कार्लटन घरच्या ओळखीतल्या एकाची महागडी गाडी पाम स्प्रिंग्सला पोचवायला निघतात, रस्ता चुकतात, हळूहळू चालवत असतात. पोलीस अडवतात आणि गाडीचोर म्हणून दोघांना आत टाकतात. सुटल्यावरही कार्लटन म्हणत राहतो की पोलिसांनी त्यांचं काम केलं, इतकी हळू जाणारी गाडी दिसली तर कुणीही अडवेल. वडिलांनाही तेच विचारतो. वडील स्वतः वकील. ते एवढंच सांगतात की पहिल्यांदा मला अडवलं होतं तेव्हा मीही स्वतःला हाच प्रश्न विचारला होता. आणि निघून जातात. कार्लटन एकटाच बसून राहतो. आता शीट भरा. हिंसा नाही. नशा नाही. शिवी नाही. साखळी नाही. सगळे रकाने कोरे, म्हणजे शीटच्या हिशेबात या भागात नोंदवण्यासारखं काही घडलंच नाही.

दुसरं, पब्लिक एनिमी या रॅप गटाचा अ‍ॅरिझोनावरचा व्हिडिओ. त्या राज्याच्या गव्हर्नरने १९८७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी रद्द केली होती, १९९० च्या मतदानातही ती परत आली नाही. व्हिडिओत नागरी हक्क चळवळीतल्या मारहाणीची दृश्यं पुन्हा उभी केलीत आणि त्यांच्यामधून एका काल्पनिक गव्हर्नरवरचा हल्ला दाखवलाय. एमटीव्ही या म्युझिक व्हिडिओंच्या वाहिनीने तो दाखवून लगेच काढून टाकला. माझ्या शीटवर याची नोंद 'हिंसा: होय, तीव्र'. निदर्शकांना पडणारा मारही त्याच रकान्यात आणि गव्हर्नरची गाडी उडते तीही त्याच रकान्यात. मार कोण खातंय याला जागाच नव्हती. सुट्टीचं म्हणाल तर १९९२ च्या मतदानात अ‍ॅरिझोनाने ती मंजूर केली, पण तोवर एनएफएलने (अमेरिकन फुटबॉलची लीग) १९९३ चं सुपर बाउल (लीगचा अंतिम सामना) तिथून हलवून कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाला नेलं होतं. हा मजकूर मी परिशिष्टात घातला. समितीने तोही 'विषयबाह्य' म्हणून काढायला लावला.

दागिन्यांचं तर बोलायलाच नको. रन-डीएमसी या रॅप गटाच्या गळ्यातली जाड साखळी 'भडक राहणी'त मोजायची, आणि त्याच दशकात 'डायनेस्टी' या गोऱ्या श्रीमंतांच्या मालिकेतल्या बायका हिरे घालून न्याहारीला बसतात ते कुणी मोजायचं? असो.

माझं मत विचाराल तर मोजणी वाईट नाही, पण आधी कार्यक्रम कुणाचा, पैसा कुणाचा आणि लागायचा कधी, हे लिहून काढा. चित्र तिथून ठरतं. 'सोल ट्रेन' हा गाण्यांचा आणि नाचाचा कार्यक्रम घ्या. १९७० ला शिकागोत सुरू झालं, पुढच्या वर्षी देशभर गेलं. डॉन कॉर्नेलियस त्याचे मालकही आणि निवेदकही. मोठा जाहिरातदार अफ्रो शीन हे केसांचं प्रसाधन बनवणारी कृष्णवर्णीयांचीच कंपनी. म्हणजे कॅमेरा, पैसा, प्रेक्षक, तिन्ही घरचे. आणि तरीही कॉर्नेलियस यांना रॅपचं फारसं प्रेम नव्हतं! १९८० मध्ये रॅपर कर्टिस ब्लो येऊन गेला, पण यजमानांच्या चेहऱ्यावर कौतुकापेक्षा कोडंच जास्त. 'गोऱ्यांच्या टीव्हीने बदनाम केलं' एवढ्याच एका वाक्यावर प्रबंध उभा करणाऱ्यांनी हे जरूर बघावं. तिथे पिढ्यांचं आणि वर्गाचंही भांडण होतं.

मग न्यूयॉर्कचं 'व्हिडिओ म्युझिक बॉक्स'. राल्फ मॅकडॅनियल्स, शहराच्या मालकीची छोटी सार्वजनिक वाहिनी, ऐंशीच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. दुपारी शाळा सुटल्यावर लागायचं. कॅमेरा घेऊन पार्ट्यांत, क्लबांत जायचं आणि पोरं कॅमेऱ्यात बघून आपापल्या गल्लीला सलाम ठोकायची. या पोरांना कुणी 'समस्या' म्हणून दाखवत नव्हतं, कारण बघणारे त्यांचेच शेजारी होते. एमटीव्ही १९८१ पासून होतं, पण तिथे कृष्णवर्णीय कलाकार इतके कमी दिसत की १९८३ मध्ये ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीने मुलाखत घ्यायला आलेल्या त्यांच्याच निवेदकाला याचा जाब विचारला. 'यो! एमटीव्ही रॅप्स' हा रॅपचा कार्यक्रम यायला १९८८ उजाडलं. त्याचा निवेदक फॅब फाइव्ह फ्रेडी कॅमेरा घेऊन रॅपर्सच्या वस्तीत जायचा, ते माझ्या मते आजही बघण्यासारखं आहे. पुढच्याच वर्षी ग्रॅमी या संगीत पुरस्कारांत रॅपला पहिल्यांदा पुरस्कार ठेवला, पण तो टीव्हीवर दाखवायचा नाही असं ठरलं, म्हणून जिंकणाऱ्या विल स्मिथसकट अनेकांनी सोहळ्यावर बहिष्कार घातला. आणि १९९० मध्ये हाच विल स्मिथ एनबीसीवर घराघरांत. टोपी तिरकी, पण बोलणं आजीलाही चालेल असं. ही दोन वर्षं मिळूनच एक अख्खं प्रकरण होईल, माझ्या शीटमुळे ते राहून गेलं.

बीईटीबद्दल सावधपणे लिहा. कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठीची, रॉबर्ट जॉन्सन यांची वाहिनी, २००० मध्ये व्हायकॉम या बड्या माध्यम कंपनीने सुमारे ३ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. त्यानंतर मध्यरात्री लागणाऱ्या 'अनकट'मधले व्हिडिओ बघून तुमचे गाईड खूश होतील, सगळे रकाने भरतील. पण २००४ मध्ये त्यातल्याच एका व्हिडिओवरून रॅपर नेलीला जाब विचारणाऱ्या अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजच्या मुली होत्या, म्हणजे कृष्णवर्णीय मुलीच. त्या हिप हॉप ऐकणाऱ्या होत्या, आणि म्हणूनच चिडल्या होत्या. त्यांचा राग आणि टीव्हीवरच्या बातमीदाराचा राग एका रांगेत बसवू नका. २०१५ मध्ये रॅपर केंड्रिक लमारने बीईटी पुरस्कारांत पोलिसांच्या गाडीवर उभं राहून गाणं म्हटलं, तेव्हा फॉक्स न्यूजवर हेराल्डो रिव्हेरा म्हणाले की अलीकडच्या वर्षांत कृष्णवर्णीय तरुणांचं वंशद्वेषापेक्षा हिप हॉपने जास्त नुकसान केलं. केंड्रिकने ती क्लिपच उचलून २०१७ च्या अल्बममध्ये घातली. स्पेलमनची आणि ही, या दोन घटना शेजारी ठेवा, निम्मा युक्तिवाद तिथेच होतो.

अलीकडच्यात 'एम्पायर' बघितली नाही तरी चालेल, ती मुळात श्रीमंत घरातल्या भांडणांची मालिका आहे, रॅप फोडणीपुरता. एका रॅपरभोवती फिरणारी 'अटलांटा' ही मालिका मात्र सोडू नका, विशेषतः पहिल्या सीझनचा सातवा भाग. अख्खा भाग एका बनावट कृष्णवर्णीय वाहिनीच्या रूपात आहे, खोट्या जाहिरातींसकट, आणि चर्चेच्या कार्यक्रमात रॅपरला बसवून त्याच्या बोलण्यावर बाकीचे प्रवचन देतात. माझ्या समितीला तो भाग दाखवायची फार इच्छा होती.

आता थोडं अवांतर. 'भारतीय संदर्भ' म्हणून एक प्रकरण मागतीलच. दलित पँथर १९७२ ची आणि नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतलेलं, हा दुवा खरा आहे, पण तो तुमच्या विषयात टीव्हीमार्गे येत नाही. उगाच ठिगळ लावू नका. त्यापेक्षा पुण्याच्या ताडीवाला रोडचा रॅपर एमसी स्टॅन २०२३ मध्ये 'बिग बॉस' जिंकला, त्याची भाषा, त्याचे दागिने आणि वस्ती वाहिनीने कशी दाखवली ते बघा. तिथे तुलना निदान टीव्हीची टीव्हीशी होईल. गाईडना हे पटेलच असं नाही, आमच्याकडे रिअ‍ॅलिटी शो म्हटलं की नाकं मुरडली जायची.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. स्ट्रीमिंगवर मिळणाऱ्या जुन्या मालिकांमध्ये हक्कांच्या भानगडीमुळे मूळ गाणं काढून दुसरंच घातलेलं असू शकतं. संगीतावर एक ओळ जरी लिहिणार असाल तरी तेव्हाच्या प्रक्षेपणाची प्रत शोधा. बातम्यांसाठी व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा टीव्ही न्यूज संग्रह आहे, १९६८ पासूनचा, त्याची सूची घरबसल्या चाळता येते. हिप हॉपची पत्रकं, फोटो वगैरेंसाठी कॉर्नेल विद्यापीठाचा संग्रह. मेल लिहिताना आपला विषय दोन ओळींत सांगा, कोडिंग शीट जोडू नका.

शीट बदलून मिळणार नसेलच, तर निदान 'शेरा' नावाचा एक रुंद रकाना शेवटी मागून घ्या, आणि तो शिक्का बसायच्या आधी मागा.