गुण दिलेत, आता प्रश्न तपासा

चाचणीतल्या प्रश्नांबद्दल शिक्षकांच्या शंका आणि मॅडमची उत्तरं.

सातवीच्या विज्ञान चाचणीत विचारलं होतं, ‘पाणी किती अंश सेल्सिअसला उकळते?’ पर्याय : 90, 100, 110, दाबावर अवलंबून. उत्तरसूचीत 100. वर्गातली हुशार मुलंच चुकली आणि काठावरची बरोबर आली. मॅडम, कॉपी झाली असेल का?

कॉपीचा संशय नंतर घ्या. आधी उत्तरपत्रिका एकूण गुणांप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा. पट 39 असेल तर वरच्या 13 आणि खालच्या 13 बाजूला काढा. (मोठ्या परीक्षांत वरचे-खालचे 27 टक्के घेतात, आपल्या वर्गाला एक तृतीयांश सोयीचा.) समजा 100 वर खूण वरच्या गटात चौघांची आणि खालच्या गटात नऊ जणांची. चारातून नऊ गेले उणे पाच, भागिले 13, म्हणजे उणे 0.38. ही त्या प्रश्नाची भेदनक्षमता, म्हणजे पुढची आणि मागची मुलं तो किती वेगळी काढतो ते. ती 0.3 च्या पुढे असली तर प्रश्न चांगला समजतात. उणे आली तर बहुधा उत्तरसूची चुकलेली असते, नाहीतर प्रश्न संदिग्ध. तुमचा दुसऱ्या जातीचा. महाबळेश्वरला पाणी 100 च्या आधीच उकळतं, त्यामुळे ‘दाबावर अवलंबून’ म्हणणारी मुलं तुमच्या उत्तरसूचीपेक्षा बरोबर आहेत. दोन्ही उत्तरांना गुण द्या. पुढच्या वेळी ‘समुद्रसपाटीला’ हा शब्द घाला आणि चौथा पर्याय काढून टाका.

इतक्या छोट्या वर्गात दोन मुलं इकडची तिकडे झाली तरी आकडा हलतो. तेव्हा आकडा पाहून प्रश्न लगेच बाद करू नका. तो पुन्हा वाचा.

पाड्यावरच्या शाळेत शिकवतो. लोकलच्या मासिक आणि त्रैमासिक पासवरचं शाब्दिक उदाहरण दिलं, निम्मा वर्ग शून्यावर. गुणाकार-वजाबाकी तर मुलांना येते.

येते हे कशावरून? तेच आकडे नुसत्या मांडणीत देऊन बघा. पटापट सोडवली, तर तुमच्या प्रश्नानं गणित तपासलंच नाही. लोकल पाहिली आहे का आणि ‘त्रैमासिक’ कळतं का, हे तपासलं. बी.एड.ला ‘सप्रमाणता’ म्हणून जी व्याख्या घोकली, ती इथे कामाला येते : जे मोजायचं ठरवलं तेच मोजलं गेलं का? पण म्हणून शाब्दिक उदाहरणं टाळू नका. मजकुरातून गणित मांडणं हेही शिकवायचंच आहे. पासाऐवजी बाजारातला मोहफुलांचा भाव घ्या, लांब वाक्याची दोन करा.

‘लोणार सरोवर ______ आहे.’ एका मुलानं ‘खारे’ लिहिलं. गुण द्यावेत का?

द्यायलाच हवेत. ‘बुलढाणा जिल्ह्यात’ बरोबर, ‘उल्काघाताने बनलेले’ही बरोबर, आणि ‘सुंदर’ लिहिणाऱ्याला तरी तुम्ही कसं नाकारणार? ‘लोणार सरोवर ______ जिल्ह्यात आहे’ असं लिहा, वाद मिटला.

एक प्रश्न सगळ्यांनी बरोबर सोडवला. मुख्याध्यापक म्हणतात, असा प्रश्न वाया गेला.

स्पर्धा परीक्षेत गेला असता. घटक चाचणीत शिकवलेलं सगळ्यांना आलं, ही चांगलीच बातमी. फक्त उत्तर पर्यायांतूनच फुटत नव्हतं ना, तेवढं बघा : तीन पर्याय दोन-दोन शब्दांचे आणि बरोबर पर्याय दीड ओळीचा, असं फार वेळा दिसतं.

संविधान तक्ता (कोणत्या घटकावर कसले आणि किती गुणांचे प्रश्न, याचा आराखडा) खरंच उपयोगाचा असतो का?

प्रश्नपत्रिकेच्या आधी केला तर. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी प्रश्नपत्रिका छापून आल्यावर तिच्यावरून तक्ता भरतात, तो फाइलीपुरता.